आबांचा फेटा

माझ्या बापाच्या हातात मेजरसाहेबांनी रिकामा ग्लास ठेवला.

"बेअरर, पानी लाओ."

मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. फेटा दिसला, तेवढं पुरे झालं. त्या क्लबात फेटा फक्त बेअररच्याच डोक्यावर असायचा.

भुसावळच्या छावणीतला लष्करी ऑफिसरांचा क्लब. गोऱ्यांनी बांधलेला. गोरे गेले. भिंतीवरची सांबराची शिंगं राहिली, फोटो राहिले, ऐट राहिली. ती ऐट आमच्याच लोकांनी झाडूनपुसून अंगावर चढवली. मी नवा लेफ्टनंट, म्हणून सभासद. शनिवारच्या चहाला घरचं माणूस आणता यायचं. मी हौसेनं आबांना बोलावलं. एरंडोलजवळच्या आमच्या महारवाड्यातून ते आले.

फेटा बांधून आले. चावडीसमोरून जाताना आमच्या माणसानं फेटा उतरवून काखेत धरायचा, ही गावाची रीत. पहिल्या महायुद्धात बंदूक धरून आले तरी आबांची त्यातून सुटका झाली नव्हती. त्या दिवशी मात्र तो डोक्यावर ठेवूनच ते चावडी ओलांडून आले. कोणी हटकलं तर म्हणाले, "मना पोऱ्या साहेब व्हयना." आपला पोरगा साहेब झाला, हे मला सांगताना त्यांच्या मिशा हसत होत्या.

त्यांना खुर्ची दाखवून मी चहाचं सांगायला गेलो. परत वळलो तर आबा मेजरसाहेबांसमोर भरलेला ग्लास दोन्ही हातांनी धरून उभे.

"सर, हे माझे वडील."

मेजरसाहेब चटकन उठले. माणूस वाईट नव्हता. "अरे! माफ करा, काका. बसा, बसा." ग्लास स्वतःच घेऊन टेबलावर ठेवला. मग आपुलकीनं विचारलं, "गाव कोणतं?"

आबांनी गाव सांगितलं. मेजरसाहेबांच्या ओळखीचं निघालं. "गावात कोणाच्या घरचे तुम्ही?"

"महारवाडाना, साहेब."

ग्लासकडे गेलेला मेजरसाहेबांचा हात मागे आला. खिशात रुमाल शोधू लागला.

"आता तहान नाही," मेजरसाहेब म्हणाले.

बेअररची जात तिथं कोणी विचारत नसे. त्याच्या हातचं पाणी पिऊन सगळे मोकळे होत. विचारली ती पाहुण्याची.

आबांचा हात आपोआप फेट्याकडे गेला. उतरवायला. मेजरसाहेबांचा राग आलाच, पण त्या हाताचा जास्त आला. कुणी हुकूम न देता तो वर गेला होता. मी तो मनगटाला धरून खाली आणला.

"नाही आबा. राहू द्या डोक्यावर."

"जाऊ दे रे भाऊ. त्यास्नी पानी मांगं, मी दिधं. चाल, निंघूत."

मी तो ग्लास उचलला. मेजरसाहेबांच्या समोर उभ्यानं रिकामा केला आणि त्यांच्याच टेबलावर ठेवला. मग आबांना बसवलं. चहा येईपर्यंत बसलो, पिऊन होईपर्यंत बसलो.

निघताना क्लबच्या सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. "घरच्यांना क्वार्टरवरच भेटत जा. सगळ्यांनाच बरं पडेल."

"पुढच्या शनिवारी आईलाही आणतोय, सर."

आबांना पोहोचवायला स्टेशनवर गेलो. ते बाकावर बसले, मी फलाटावर येरझाऱ्या घालत राहिलो. नोकरीवर लाथ मारावी, असं मनात येऊन गेलं. पण का? माझी खुर्ची मोकळी झाली तर क्लबवाल्यांना हवंच आहे. मी ती सोडणार नाही. तिच्या शेजारी आबांची लावीन.

गाडी आली. आबा खिडकीशी बसले.

"आबा, शनिवारी हाच फेटा बांधून या. अन् हात खाली ठेवायचा."

ते हळूच म्हणाले, "आनि त्यास्नी परत पानी मांगं तं?"

ऑफिसर झाल्यापासून मी चारचौघांत आमची बोली बोललो नव्हतो. त्या फलाटावर बोललो. मोठ्यानं.

"तं सांगा, ऊठ आनि पानी तूच लई ले."