पाण्याच्या बाटलीवरची पट्टी

आमच्या कंपाउंडर चाचांइतका शहाण्यासुरत्या माणसाला गोंधळात टाकणारा इसम जव्हारात दुसरा झाला नाही. दवाखान्यातून रिटायर झाल्यावर ते आपण होऊन आजाऱ्यांच्या घरी जायचे आणि औषध सोडून सगळं द्यायचे. नाडी बघायच्या ऐवजी विचारायचे, काल जेवलात काय, झोप लागली का, कोणावर राग आहे का. लोक म्हणायचे, नोकरी गेली तसं डोकंही गेलं. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू?

माझे वडील साखरशेतला शेती करायचे. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी होत आल्या, तेव्हा मी त्यांना जव्हारला माझ्या मास्तरकीच्या बिऱ्हाडी आणलं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि पाणी मोजून द्यायला सांगितलं. आता तहानलेल्या म्हाताऱ्याला पाणी मोजून कसं द्यायचं? औषधाच्या बाटलीवर डोस दाखवायला कातरलेली कागदाची पट्टी चिकटवतात, तशी चाचांनी बाबांच्या पाण्याच्या बाटलीवर चिकटवली. झालं! भेटायला आलेल्या आत्याला वाटलं, भारी औषध आहे. तिने गुडघ्यासाठी गुपचूप दोन डोस घेतले आणि गुण आला म्हणून तिसराही मागितला. चाचांनी बाबांचं तेवढं पाणी परत भरलं आणि गंभीरपणे आत्याच्या गुडघ्याची चौकशी केली. मला हसावं की रडावं कळेना.

मुंबईला रक्त शुद्ध करायचं मशीन आहे, असं डॉक्टर म्हणाले, पण खात्री देईनात. मी लगेच जीप ठरवली. चाचांनी मात्र बाबांना समोर बसवून सगळं सांगितलं: मशीन काय करतं, तिथे किती राहावं लागेल, नाही गेलं तर काय होईल. मग विचारलं, "भाऊ, तुम्हाला काय पाहिजे?"

मी चक्रावलोच. आजाऱ्याला असं कोणी विचारतं का?

बाबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मला घरी ने. नागली कापताना बघायची हाय."

मी चाचांना नाही नाही ते बोललो. पण जीप साखरशेतलाच गेली. चाचा दर आठवड्याला एसटीने यायचे, बाबांच्या सुजलेल्या पायांखाली गोधडीची घडी ठेवायचे, अंगाला खाज सुटली की तेल चोळायचे. बाबांनी खाटेवरून नागलीची कापणी बघितली, मळणीही बघितली, आणि मग ते गेले.

बाबांचे दिवस झाल्यावर मी चाचांना विचारलं, मुंबईला नेलं असतं तर बाबा वाचले असते का? ते नाही म्हणतील, अशी माझी फार आशा होती.

"बेटा, मलाही नाही कळत," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. ते माझ्या शेजारी ओट्यावर बसून राहिले. जव्हारची शेवटची एसटी समोरून निघून गेली, तरी उठले नाहीत.