पिवळ्या खोलीतली ओळख

ताओयुआन शहरातल्या आमच्या कारखान्यात प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर केसाहून बारीक तांब्याच्या रेघा उमटवतात. ती फिल्म मग घडी घालून मोबाइलच्या पोटात बसते. साध्या उजेडात रेघा बिघडतात, म्हणून खोलीत पिवळे दिवे. धूळ चालत नाही, म्हणून माणसं नखशिखांत डगल्यात. दिसतात ते फक्त डोळे आणि भुवया.

च्याओताई आणि आ-शुई एकाच यंत्रावर. ती पन्नाशीची, बिनलग्नाची. तो विधुर, गेल्या वर्षी बदलून आलेला. यंत्र सोडता येत नाही, त्यामुळे जेवणही आळीपाळीनं. चेहरे कधी पाहिलेच नाहीत, पण भांडण अखंड.

"श्वास हळू सोड, फिल्म हलतेय!" ती ओरडायची.

"मग घेऊच नको का?"

"जेवणाच्या सुट्टीत घे!"

एकदा तो हळूच म्हणाला, "रविवारी देवळासमोर सोयाबीनचं दूध प्यायला येशील?"

लाज वाटते म्हणून तिनं मलाही ओढत नेलं. दुकानात जाड भुवयांचा एक उंचापुरा गडी एकटाच बसला होता. ताई थेट त्याच्यासमोर.

"भुवयांवरून ओळखलं हो!"

"बाई, मी टायरवाला..."

"पुरे झाली चेष्टा!"

त्याच्याच ताटलीतली अंड्याची पोळी तिनं दोन कोपऱ्यांना धरून उचलली आणि हाताच्या सवयीनं उजेडासमोर धरून भोकं तपासू लागली. आम्ही फिल्म अशीच बघतो.

मागच्या टेबलावरून आवाज आला, "च्याओ, मधे बोट लावू नकोस!"

ती वळली. तशाच जाड भुवयांचा एक बुटका, टकला माणूस उभा होता.

"तू? एवढासा?"

"यंत्रापाशी पाटावर उभा असतो मी."

"आणि केस?"

"ते बायको असतानाच गेले."

टायरवाल्यानं विचारलं, "मग मी जाऊ का?"

"बसा हो," ताई म्हणाली, "तुमची पोळी हाताळलीय, दुसरी मागवते."

आ-शुई समोर येऊन बसला, आणि ताईची बोलतीच बंद. तोंडावर पट्टी नसताना काय बोलावं, तिला सुचेना. कानशिलं लाल झाली.

"डोळे मीट," तो म्हणाला, "मग बोल."

तिनं खरंच मिटले. "आईकडे नेणार आहेस, की नुसतं दूधच पाजणार?"

त्यानं दुपारीच तिला स्कूटरवर घालून नेलं. म्हातारीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि लेकाला विचारलं, "ओरडते म्हणतोस ती हीच का? गरीब दिसते रे!"