कुसळ काढणारी आक्का

डोळ्यात गेलेलं कुसळ आक्का जिभेच्या टोकानं काढायची. पापणी उलटवून हलकेच जीभ फिरवायची आणि कुसळ तळहातावर घेऊन दाखवायची. इंग्रजांच्या राज्यातली ही गोष्ट. निपाणीजवळच्या आमच्या गावात सुगीला खळ्यावर धान्याला वारं देताना कुणाचा डोळा चुरचुरला, की तो थेट तिच्या दाराशी. आक्का आमची शेजारीण, एकटी विधवा. पण सुगीत तिचा थाट पाटलिणीला लाजवेल असा!

स्वच्छतेचा तिला भारी अभिमान. "चूळ भरल्याबिगर मी कुणाच्या डोळ्याला जीभ लावत न्हाय," म्हणायची. मिश्रीनं काळे पडलेले स्वतःचे दात मात्र तिला कधी खटकले नाहीत.

मी लहान असताना माझ्या डाव्या डोळ्यातलं कुसळ तिनं असंच काढलं. डोळा सुजला, पू झाला, बुबुळावर पांढरं फूल पडलं. आई आणि आक्कानं मला बेळगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "कुसळानं ओरखडा पडला, त्यात जिभेची घाण गेली. हा डोळा आता गेला."

पुढच्या सुगीला दाराशी येणाऱ्यांना ती दवाखान्यात जा म्हणू लागली. कारण सांगितलं नाही. आईनंही तिची लाज राखली. "म्हातारी लई भाव खातीया," लोक म्हणाले.

मग मी लग्नाच्या वयाची झाले आणि मला पाहायला चिकोडीची मंडळी आली. मुलाची आत्या विचारू लागली, "डोळा जल्मापास्नं असाच हाय व्हय?" आईच्या 'न्हाय'वर तिचा विश्वास बसेना. दारात जमलेल्या बायकांतून आक्का पुढे आली.

"पोरीत खोट न्हाय, बाई. कुसळ गेलतं. ते मी जिभेनं काढलं, आन् माझ्या जिभेनंच डोळा घालवला."

शेजारची सदूची आई पांढरीफटक पडली. सदूचाही एक डोळा गेलेला. देवीचा कोप समजून तिनं तो सोसला होता.

"मग माझ्या सदूचा गं, आक्का? त्याचंबी कुसळ तूच काढलं हुतंस."

"व्हय गं. त्योबी माझ्यामुळंच गेला असंल."

माझं लग्न ठरलं. आक्काच्या दाराशी मात्र कुणी फिरकेना. विहिरीवर बायका आपली घागर तिच्या घागरीपासून लांब ठेवू लागल्या. मला तिचा राग कधी आला नाही. माझ्यासाठी तिनं अख्खं गाव गमावलं.

सासरी निघताना गाडीत बसून सगळ्यांचा निरोप घेतला. आक्का कुठंच दिसेना. बैल हलले, तेव्हा डावीकडून एक हात माझ्या गुडघ्यावर आला. मला दिसत नाही त्या बाजूला ती कधीची उभी होती. मी मान वळवू लागले, तर तिनं माझ्या गालाला हात लावून मान परत फिरवली.

"हिकडं बघू नगंस, पोरी," ती म्हणाली. "तिकडंच बघ."