थांब म्हटलं की धावत येणारा

‘थांब’ अशी मामांनी हाक मारली की कुत्रा धावत यायचा आणि बाकीचे सगळे थांबायचे.

सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर रविवारी सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांनीही ही हाक ऐकली असेल. कदाचित ते थांबलेही असतील. खाकी पँट, वर घरी धुतलेला पांढरा सदरा, खांद्याला पट्ट्याने अडकवलेला पत्र्याचा लांबट डबा, आणि पुढे-मागे पळणारा एक कान वाकलेला पिवळसर कुत्रा. त्या कुत्र्याचं नाव थांब.

मामा आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होते. हुद्दा लॅबबॉय. वय पन्नाशीच्या पुढे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. प्रात्यक्षिकाला लागणाऱ्या फांद्या, फुलं, शेवाळ, सगळं तेच आणून ठेवायचे. त्यासाठीच दर रविवारी टेकडीवर जायचे.

कुत्र्याच्या नावाची गोष्ट मी पहिल्याच रविवारी विचारली. मामा राहायचे शहराबाहेर वाडीला आणि मीही तिथंच एका गोदामामागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. अमरावती रोडवर ट्रकांची सारखी ये-जा. एक पिल्लू त्यांच्या सायकलमागे लागलं. ते ट्रकखाली येऊ नये म्हणून मामा वळून वळून म्हणायचे, ‘थांब, थांब.’ पिल्लाला वाटलं, आपल्यालाच बोलावताहेत. जितकं थांब म्हणावं तितकं ते जवळ यायचं.

“मी नाही ठेवलं नाव,” मामा म्हणाले. “त्यानंच घेतलं.”

‘थांबा’ म्हटलं तरी यायचा. आदरार्थी बहुवचन त्याला कळत नसे.

एकदा टेकडीच्या उतारावर मामांनी अशीच हाक मारली, तर डोक्यावर वाळक्या काटक्यांचे भारे घेऊन चाललेल्या तीन बाया जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, जंगलखात्याचा माणूस आला. तेवढ्यात कुत्रा त्यांच्या पायांतून पळत मामांकडे आला. सगळ्यात पुढची बाई भारा सावरत म्हणाली, “काहून जी, मोत्या ठेवता नाही आलं काय नाव? आमचा जीव गेला ना.”

“मोत्या म्हटलं असतं तं तुम्ही थांबल्या नसत्या. अन् हे मोहाचं झाड पाहिलं नसतं.”

“रोजच पाहतो बापा,” ती म्हणाली आणि तिघी हसत निघून गेल्या.

मी उमरेडचा. आमच्या घरी हातमाग. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडं विणायचे, आई सुताच्या कांड्या भरायची. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मला इथं वर्गात काय चाललंय ते कळायचं नाही, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. शिकवणं इंग्रजीतून, आणि झाडांची नावं तर इंग्रजीच्याही पलीकडची. वर्षाअखेर वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह करून द्यायचा होता. एकेका कागदावर एकेक फांदी चिकटवायची आणि खाली तिचं शास्त्रीय नाव लिहायचं. मी काचेच्या कपाटासमोर वही घेऊन नुसता उभा राहायचो. मामांनी ते पाहिलं असणार. एका शनिवारी ते स्लाइड पुसता पुसता म्हणाले, “उद्या टेकडीवर येतं काय बापू? सायकल घेऊन ये.”

फुटाळा तलावाजवळ चहाच्या टपरीपाशी आम्ही सायकली ठेवल्या. चढायला लागलो आणि मी विचारलं, “मामा, हे कोणतं झाड?” ते काही बोलले नाहीत. पुन्हा विचारलं, तरी नाही. अर्ध्या वाटेवर एक काळा सपाट दगड आहे, तिथं बसून पाणी प्यालो, तेव्हा म्हणाले, “चढतानी बोलाचं नाही. उतरतानी बोलाचं.”

पुढे हे वाक्य मी दर रविवारी ऐकलं. चढताना ते फक्त बघायचे. झाडाच्या सालीला हाताची उलटी बाजू लावायचे, लेकराचा ताप बघतात तशी. आणि उतरताना मग एकेका झाडापाशी उभं राहून मला नावं सांगायचे. आधी आपलं नाव, मग शास्त्रातलं. इतकी वर्षं सरांच्या मागे ट्रे घेऊन उभं राहून त्यांनी ती कानांनी उचलली होती.

“हा पळस. बुटी मानूसपरमा. हा तेंदू, दिवसपायरस. हा बहावा, काशी फिस्तुली.”

मी म्हणायचो, ते पुन्हा म्हणायला लावायचे. कुत्रा दोघांच्या मध्ये बसून जीभ बाहेर काढून ऐकायचा. काशी, मानूस, दिवस. ही नावं मला पाठ करावी लागली नाहीत, ती आमच्या घरातलीच वाटली. पहिल्यांदाच मला वाटलं की हे जमेल.

आणि मग तो सोमवार आला.

प्रात्यक्षिकाच्या तासाला सरांनी एक फांदी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. तीन पानं, जाडसर देठ. मला येत होतं. मी उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, “बुटी मानूसपरमा.”

सगळी खोली हसली. पुढच्या बाकावरचा एक जण तर टेबलावर डोकं ठेवून हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर ते नाव नीट लिहिलं, ब्युटिया मोनोस्पर्मा, आणि शांतपणे विचारलं, “असं कुणी शिकवलं?”

मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, “मामांनी शिकवलं.”

सगळ्यांनी वळून दाराकडे बघितलं. मामा तिथं ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, खिशातलं फडकं काढलं आणि आधीच पुसलेल्या स्लाइड पुन्हा पुसायला लागले.

त्या दिवसापासून मुलं मला ‘काय बे मानूसपरमा’ म्हणू लागली. त्याचं मला वाईट वाटलं, पण ते मी सोसलं असतं. मामांची मान खाली गेलेली मला सोसवेना. माझं हसं झालं ते झालं, मी त्यांनाही त्यात ओढलं होतं. पुढच्या रविवारी मी टेकडीवर गेलो नाही. त्यांच्या दारावरून जावं लागू नये म्हणून लांबच्या रस्त्यानं सायकल नेऊ लागलो. बाबांना काय सांगायचं तेही ठरवलं: मागावर बसतो, मला शिक्षण जमत नाही.

गुरुवारी सकाळी मी पत्र्याची पेटी घेऊन वाडीच्या बसथांब्यावर उभा होतो. सायकल घरमालकाकडे ठेवली होती. मागून हाक आली, “थांब.”

मी वळलो नाही. कुत्र्यालाच म्हणत असतील, असं वाटलं. कुत्रा आलाही, पण तो येऊन माझ्या पेटीला टेकून बसला. मागून मामा सायकल ढकलत आले.

“त्याले नाही म्हटलं, तुले म्हटलं,” ते म्हणाले. “पण काय करता, तो शब्द त्याचा होऊन गेला. कोठी जाऊन राहिला?”

“घरी.”

“सुट्टी आहे काय?”

“नाही.”

एक ट्रक गेला, दुसरा गेला. मीच म्हणालो, “मामा, माझं चुकलं. मी तुमचं नाव घ्यायला नको होतं.”

“काहून?”

“सगळे हसले.”

“हसले तं हसले. नाव मीच चुकीचं सांगतलं, तं हसतीन नाही काय लोक?” त्यांनी सायकल स्टँडवर लावली. “पण तू काय म्हणाला ते ध्यानात आहे काय तुह्या? मामांनी शिकवलं म्हणाला. त्या खोलीत मामांनी आणलं, मामांनी पुसलं, मामांनी फोडलं, एवढंच म्हणतात. शिकवलं कोणी म्हटलं नव्हतं गा. घरी जाऊन बायकोले सांगतलं मी. तिले खरंच वाटेना.”

मी कुत्र्याच्या वाकड्या कानाकडे बघत राहिलो.

“बरं, मले सांग,” ते म्हणाले, “गावात कोणी इचारलं, पोरगा काय करून राहिला, तं तुहा बाप काय सांगते?”

“शिकून राहिला,” मी म्हणालो. आमच्याकडे असंच बोलतात. जेवून राहिलो, विणून राहिलो, शिकून राहिलो. त्यात वेगळं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

“शिकून राहिला ना?” मामा म्हणाले. “मंग राह्य.”

बस आली. कंडक्टरनं पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घंटी मारली. बस गेली. मामांनी पेटी सायकलच्या कॅरिअरवर ठेवली आणि दोरीनं बांधली.

पुढच्या रविवारी मी पुस्तक घेऊन गेलो. उतरताना आता मी नाव वाचायचो आणि मामा म्हणायचे. त्यांना ‘मोनोस्पर्मा’ दोन रविवारांत आलं. तेंदूचं ‘डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन’ यायला अख्खा पावसाळा गेला. कुत्रा कंटाळून पुढे निघून जायचा, मग थांब म्हणावं लागायचं, मग वरून उतरणारं एखादं म्हातारं जोडपं थांबायचं आणि त्यांनाही ते नाव ऐकून घ्यावं लागायचं. सगळं नीट यायला लागल्यावरही पळसापाशी आलं की ते हळूच म्हणायचे, “बुटी मानूसपरमा.” मी बघितलं की म्हणायचे, “ते सायबासाठी. हे आपल्यासाठी.”

माझा संग्रह झाला. मी पास झालो. पहिल्या वर्गात वगैरे नाही, पण झालो. पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले.

मी आता शेवटच्या वर्षाला आहे. मामा गेल्या हिवाळ्यात कळमेश्वरकडे मुलीच्या गावी वारले. मला आठ दिवसांनी कळलं. कुत्रा मुलीकडेच आहे. मी भेटायला गेलो तेव्हा त्यानं मला ओळखलं. पण हाक मारायला माझं तोंड उघडलं नाही.

त्यांच्याबरोबरचा शेवटचा रविवार सांगून संपवतो. मामांचे गुडघे गेले होते; सायकल कशीबशी जमायची, चढ नाही. टपरीपाशी सायकली ठेवल्या, टेकडीच्या पायथ्याशी आलो, आणि ते म्हणाले, “तू जाय. त्याले घेऊन जाय.” पत्र्याचा डबा त्यांनी माझ्या खांद्याला अडकवला. मी चढू लागलो. कुत्रा माझ्याबरोबर आला, काळ्या दगडापर्यंत. तिथं तो उभा राहिला आणि खाली बघू लागला. मीही बघितलं. मामा पळसाच्या खोडाला उलटा हात लावून उभे होते.

चढताना कधीही न बोलणाऱ्या त्या माणसाची खालून हाक आली, “थांब.”

कुत्रा वळला आणि धावत सुटला. मामा हात हलवून मला वर जा म्हणत होते. मी डबा धरून दगडापाशी थांबलो होतो.