चाळिसावी डबी

घरोघरी जाऊन क्षयरोगाचे रुग्ण शोधणं हे मावशीचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मोहिमेवर आलेली नवी पोरं दारात उभी राहून कागद वाचून दाखवत. मावशी थेट आत जाऊन बसायची. "दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का कुणाला? लपवू नका हं, मला भिंतीपलीकडून ऐकू येतं," असं म्हणाली की लोक हसता हसता खरं सांगून टाकत. मग ती झाकणाची डबी काढायची आणि ठणकावून सांगायची, "थुंकी नको, बेडका हवा. सकाळी उठल्याबरोबर, छातीतून खोकून. थुंकीत जंतू सापडत नाहीत, उगाच माझी पायपीट."

वस्ती भंगार निवडणाऱ्यांची. शेवटच्या गल्लीत पत्र्याच्या एका खोलीत सून, सासरा आणि दहा वर्षांची मुलगी राहत. नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. सून दिवसभर तारांवरचं प्लास्टिक सोलायची आणि तोंडाशी फडकं धरून खोकायची. मावशीने तिला डबी दिली. दुसऱ्या दिवशी गेली तर डबी रिकामी, तिसऱ्या दिवशीही तेच.

"मामंजी समोरच असतात हो," सून कुजबुजली. "त्यांच्यापुढं खाकरायचं कसं?"

खोलीला ना आडोसा ना मोरी. तिला हाताला धरून मोकळ्यावर न्यायचं, पाठीवर हात ठेवून खोकायला लावायचं, एवढंच करायला हवं होतं. मावशीने ते शंभरदा केलं होतं. पण तो मोहिमेचा शेवटचा दिवस. सुपरवायझरने चाळीस डब्या सांगितलेल्या, पिशवीत एकोणचाळीस, आणि बाहेर गाडीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता.

"दे काय असेल ते," मावशी म्हणाली.

सुनेने पाठ वळवून डबीत काहीतरी टाकलं आणि डबी पुढे केली. वर पांढरा फेस, खाली पाणी. आंधळ्यालाही कळलं असतं की ही नुसती थुंकी आहे. मावशीने झाकण घट्ट लावलं, नाव लिहिलं आणि म्हणाली, "सुटलीस बघ!"

आठ दिवसांनी निगेटिव्ह रिपोर्ट घेऊनही तीच गेली. "काही नाही, साधा खोकला," असं सांगताना तिची जीभ जराही अडखळली नाही. पुढे तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

पाच महिन्यांनी सुनेच्या खोकल्यातून रक्त पडलं. दवाखान्यात क्षय निघाला. गोळ्या घेऊन मावशी गेली, तर सासरा दारातच कडाडला.

"बरं झालं आलात. तुमच्या कागदावर ही साफ होती ना? मग आता कुठून आणलं हिनं? बाहेर काय दिवे लावलेत कुणाला ठाऊक! मुलाला बोलावलंय मी. येऊ दे, माहेरी पोचवेल हिला."

"मावशींना कशाला विचारता?" आतून सून म्हणाली. "त्यांनी तर तेव्हाच तपासलं होतं. माझंच कुठंतरी चुकलं असेल."

ते ऐकून मावशीचं तोंड शरमेने तापलं. गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. डबी कधीच जाळली गेली होती आणि कागदावर सही-शिक्का होता. क्षणभर तिला गप्प राहावंसं वाटलंही. नंतर बहिणीपाशी हे कबूल करताना ती ढसाढसा रडली.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "तिनं कुठून काही आणलं नाही. आजार तेव्हाही होता. डबीत थुंकी होती, मला दिसत होती. मला चाळीस भरायच्या होत्या, म्हणून घेतली."

"म्हणजे कागद खोटा?"

"कागद बरोबर होता. मी चुकीची डबी पाठवली."

सासरा मटकन उंबऱ्यावर बसला. मग खिशातून फोन काढून मुलाचा नंबर शोधू लागला. "येऊ नको म्हणतो त्याला," तो कुणाकडेही न बघता पुटपुटला.

सुनेचं तिकडे लक्षच नव्हतं. कोपऱ्यात अभ्यास करत बसलेल्या मुलीकडे ती टक लावून पाहत होती.

"मावशी, पाच महिने ही माझ्या कुशीत झोपतेय."

धरणीने पोटात घ्यावं असं मावशीला झालं. "हिलाही तपासू," ती कशीबशी म्हणाली. "उद्या सकाळी येते मी, मीच घेऊन जाते."

"नको," सून म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मावशीला बरं वाटलं असतं. "हिला मी नेईन. तुम्ही फक्त गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगा."

मावशीने सांगितलं. सुनेच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून ती गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत बोलत राहिली.