पंखे शांत होईपर्यंत

ठिणगीनं आयुष्यातला पहिला दात पाडला, तो वर्गातल्या एका आडदांड मुलाचा. तो तिच्या बापाला 'काण्या' म्हणाला होता. मुलगा रडत घरी गेला, ठिणगी हसत घरी आली, आणि घरी बापानं तिला पट्ट्यानं फोडून काढलं. मारता मारता त्यानं विचारलं, "कुठल्या हातानं मारलंस?" तिनं उजवा हात पुढे केला. बापानं तो उलटसुलट करून पाहिला. "अंगठा मुठीच्या बाहेर ठेवत जा. मोडेल एखाद दिवशी."

असं ते घर होतं. बाप दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचा. एक डोळा उडत्या दगडानं नेला होता आणि उरलेल्या डोळ्यात राग मावत नव्हता. ताटं भिरकावली जायची, दारं आपटायची, आई मध्ये पडायची आणि तीही मार खायची. पण वात पेटवायला निघाला की हाच माणूस मांजरासारखा हलक्या पावलानं चालायचा. शेवटी तो गेला तोही दगडानंच. धमाका झाला, सगळं शांत झालं असं वाटून तो आडोशातून बाहेर आला, आणि सगळ्यात उंच उडालेला एक दगड अजून वरच होता.

त्याच्या जागी तिचा थोरला भाऊ, दादा, लागला. ठिणगी गणितात पुढे गेली, शिकून आली, आणि त्याच खाणीच्या ऑफिसात बसली. तिचं काम एकच: जो कडा फोडायचा त्याचा दगड कुठवर उडेल ते सांगायचं. ती सांगेल त्या अंतरावर दगड भरायचा अवजड लोडर एक जाड लोखंडी खोका ओढून नेई आणि त्याहून पुष्कळ मागे जाऊन उभा राही. दादा वात पेटवून त्या खोक्यात बसे. बाकीची माणसं धोक्याची हद्द दाखवणाऱ्या दोराच्या पलीकडे, पार लांब. तिचा आकडा चुकलाच तर मरणार एकटा दादा, हे खाणीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिला जरा जास्तच.

कड्यातून उडणाऱ्या हजारो तुकड्यांची वाट हिशेबात घ्यावी लागे. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर एकेक तुकडा घेऊन मोजत बसे. भोकं पाडून, दारू भरून माणसं दुपारभर उन्हात तिष्ठत आणि एकमेकांवर खेकसत. मग ठिणगीनं त्या प्रोसेसरच्या जोडीला दोन ग्राफिक्स कार्डं बसवली, पोरं लढाईचे खेळ खेळायला घेतात तसली.

"हे काय करणार?" दादानं विचारलं.

"प्रोसेसर म्हणजे मुकादम रे. डोकं आहे, पण हात मोजके. कार्ड म्हणजे हमालांची टोळी. एकेकाला फारशी अक्कल नाही, पण एका हुकमासरशी हजारो जण एकदम उचलतात. सगळ्या दगडांचा हिशेब सारखाच, मग एकेक दगड एकेकाच्या डोक्यावर."

"आणि तोवर मुकादम काय करतो?"

"काम वाटून देतो आणि पुढे निघतो. टोळी परत येईपर्यंत थांब, हे त्याला वेगळं सांगावं लागतं. नाहीतर थांबत नाही."

"आपल्या बापासारखा," दादा म्हणाला.

आता दुपारभराचं काम एका चहात होऊ लागलं. पण खाणीच्या साहेबांना तेवढंही पुरेना. "बाई, तुमची ती यंत्रं नुसता वारा घालतात का हो?" असं ते माणसांदेखत म्हणाले. ठिणगीनं स्टेपलर भिंतीवर फेकून मारला. भिंतीला खोक पडली, पण टोमणा आत रुतून बसला. तिनं प्रोग्रॅम उघडून पाहिला. प्रत्येक बारीक पायरीला मुकादम उगाचच थांबत होता. तिनं रागारागानं ते 'थांब' उपटायला सुरुवात केली, तण उपटावं तसं. आणि त्या झपाट्यात शेवटचाही 'थांब' उपटला, जो उत्तर वाचण्याआधी हवाच होता.

दुसऱ्या दिवशी नव्या, उंच कड्याची मापं तिनं भरली आणि पापणी लवायच्या आत आकडा पडद्यावर आला. तिनं वॉकीटॉकीवर सांगितला.

"इतक्यात?" दादा म्हणाला.

"इतक्यात. साहेबांना सांग, नुसता वारा नाही म्हणावं."

खोका ओढला गेला. दारूला स्फोटाच्या टोप्या लागल्या की त्या अवेळी उडू नयेत म्हणून सगळे वॉकीटॉकी बंद, हा बापाच्या काळापासूनचा नियम. ते बंद झाले. भोंगा सुरू झाला.

ठिणगी पाणी प्यायला उठली आणि तांब्या तोंडाशी तसाच राहिला. कार्डांचे पंखे किंचाळत होते. उत्तर तर केव्हाच आलं. मग ही टोळी कशासाठी धापा टाकतेय?

तिनं पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. तो कालचा होता. कालच्या बुटक्या कड्याचा, टिंबासकट. मुकादम टोळीची वाट न बघता पुढे गेला होता आणि जागेवर पडलेलं कालचंच उत्तर उचलून तिच्या हातात देऊन मोकळा झाला होता. पंखे हळूहळू उतरले. तिनं उत्तर पुन्हा मागितलं. नवा आकडा दुपटीहून मोठा होता.

दारात साहेब उभे होते. "अहो, भोंगा झालाय, बाहेर कुठे..." त्यांनी तिचं मनगट धरलं. ठिणगीनं अंगठा मुठीबाहेर ठेवला. साहेब नाक धरून खाली बसले. दोरापाशी लाल बावटेवाला आडवा आला, तर तिनं त्याच्या पोटात गुडघा घातला आणि दोराखालून घुसली.

दादा वात लांब ठेवायचा. साहेब त्यावरूनही कटकट करत. त्या लांबीनंच तिला खोक्यापर्यंत पोचू दिलं.

"बाहेर नीघ! आकडा चुकलाय!"

भोंग्यात तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. दादाला एकच कळत होतं: वात पेटल्यावर आडोसा सोडायचा नाही, बाप तसाच गेला. त्यानं तिचे केस धरून तिला आत खेचलं. ती त्याच्या हाताला चावली. त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला. आता बोलण्यात अर्थ नव्हता. तिनं त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट ओढून काढलं आणि दोन्ही हातांनी त्याच्या जबड्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मात्र तिला भोंग्यातूनही ऐकू आला. दादाचं अंग सैल पडलं. कॉलर धरून ती त्याला दगडांवरून फरफटत नेऊ लागली, मागे उभ्या लोडरच्या चाकाआड. शेवटचं थोडं अंतर तिनं त्याला लाथेनं ढकललं.

कडा उठला. धूर आणि धूळ यांच्या आधी दगड आले. एक खोक्याच्या छपरातून आरपार गेला, दुसऱ्यानं त्याची भिंत मुठीत कागद चुरगळावा तशी चुरगळली, दार तुटून लोडरवर येऊन आदळलं. एक धारदार कपची ठिणगीचा खांदा फाडून गेली. मग सगळं शांत झालं. दादा शुद्धीवर येत उठायला धडपडला. ठिणगी त्याच्या छातीवर बसली.

"हलू नकोस. अजून वर आहेत."

आणि खरंच, एक दगड अगदी शेवटी, खोक्याच्या चोथ्यात येऊन पडला.

दुपारी भोकं पाडणारा मिस्त्री घण घेऊन ऑफिसात शिरला. तो दादाचा जिवलग. "बाजूला हो. ह्या यंत्रानं माणूस खाल्ला असता आज."

"यंत्राला हात लावू नको. ते काम करतच होतं." ठिणगीच्या खांद्यातून पट्टीबाहेर रक्त येत होतं. "मी थांबले नाही. मारायचंच तर मला मार."

मिस्त्रीनं घण उचलला, तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या टेबलाचे दोन तुकडे करून निघून गेला.

दवाखान्यात आई सगळ्यांना सांगत सुटली, "भावाला मरणाच्या दारातून ओढून आणलं पोरीनं." दादाचा जबडा तारांनी बांधला होता, तो नळीनं पेज ओढत होता. ठिणगीनं आईला गप्प केलं.

"आई, पुरे. त्या दारात त्याला बसवलं होतं मीच." आणि 'थांब' कसा उपटला ते तिनं पहिल्यापासून सांगितलं.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग वाडगा बाजूला ठेवून तिच्या कानशिलात अशी वाजवली की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. ठिणगीनं गाल चोळला नाही. आई रडू लागली. दादानं तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि तारा निघेपर्यंत बहिणीकडे पाहिलं नाही.

जबडा सांधला तो जरा वाकडाच. खाणीत नवा खोका आला. ठिणगीनं 'थांब' परत लावला होता, पण वात पेटवायला दादा येईल की नाही, आणि आलाच तर तिचा आकडा घेईल की डोळ्यानं अंदाज बांधेल, ते कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्या सुरुंगाच्या दिवशी तिनं मापं भरली आणि वॉकीटॉकी उचलला. तेवढ्यात दार ढकलून दादाच आत आला.  पडद्याकडे पाठ करून त्यानं कॉम्प्युटरच्या डब्यावर पंजा ठेवला. आत पंखे ओरडत होते, डबा थरथरत होता. बाहेरून साहेबांनी हाक मारली. दादानं मान वळवली नाही.

पंखे उतरले. थरथर थांबली. त्यानंतरही तो थोडा वेळ तसाच उभा राहिला.

"आता सांग," तो वाकड्या तोंडानं म्हणाला.