फुलाबाईनं पाडलेली वाट

मी चित्रकलेचा मास्तर. छत्तीस वर्षं सोलापुरातल्या भवानी पेठेतल्या शाळेत पोरांना रंग शिकवले आणि निवृत्त झाल्यावर एका रंगापायीच चारचौघांत शोभा करून घेतली. ते सगळं निस्तरलं फुलाबाईनं. तिची गोष्ट सांगायची म्हणजे माझा मूर्खपणाही सांगावा लागणार, त्याला इलाज नाही.

फुलाबाई गावडे. वय साठीला टेकलेलं, उंची बेताची, पण आवाज असा की तळ्याच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा माणूस वळून बघेल. शहराबाहेर तळ्याकाठी वनउद्यान झालं, त्याआधी ती तिथं मेंढरं चारायची. मग कुंपण आलं, मेंढरं विकली आणि फुलाबाई त्याच उद्यानाच्या रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायला रोजंदारीवर लागली. बाभूळ, हिवर, कडुनिंब, सुबाभूळ असलं आमचं जंगल. कोकणातला माणूस त्याला जंगल म्हणणार नाही. न म्हणो. सोलापुरात एवढी सावली एका जागी मिळते, याचंच आम्हाला अप्रूप.

उद्यानात फिरायला वाट होती. ठेकेदारानं फूटपट्टीनं आखल्यासारखा मुरमाचा रस्ता काढला होता. टेकाड आलं की सरळ वर, टेकाड संपलं की सरळ खाली. पहिल्याच पावसाळ्यात त्याचा ओढा झाला. दोन म्हातारे घसरून पडले, एक कुटुंब पलीकडच्या झाडीत तीन तास चुकलं. उद्यानाचे साहेब वैतागले. "जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी लोक तळ्याला सुखरूप पूर्ण फेरी मारायला लागले तर ठीक," ते म्हणाले, "नाहीतर मागचं जंगल कायमचं बंद."

फुलाबाई हातातली पिशवी टाकून उठली. "साहेब, वाट मी काडून देते."

"तुम्ही? बाई, त्याला नकाशा लागतो."

"मला न्हाय लागत. मला मेंढरं लागत्यात."

साहेब हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. रोज सकाळी फिरायला जाणारा माणूस मी, मला वाटलं आपल्याला इथलं सगळं कळतं. दुसऱ्या दिवशी तिनं मला फाटकातच गाठलं.

"मास्तर, मला अर्ज लिवून द्या. एका सकाळपुरती मेंढरं आत सोडायची परवानगी पायजे." मी टाळाटाळ करतोय हे तिच्या ध्यानात आलं. "नऊ वर्सं मी हितं माती भरतीय. पर जीव माजा त्या काटाला हाय. माजं समदं आयुष्य त्या वाटंवर गेलंय. कुलूप लागलं म्हंजे ती वाट मेली. मग मी असून काय आनि नसून काय?"

मी अर्ज लिहिला आणि साहेबांनी हसत हसत त्यावर सही केली.

तिचा दीर बिरप्पा कळप घेऊन मोहोळकडच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आला होता. तो ऐंशी मेंढरं घेऊन आला. आदल्या दिवसापासून फुलाबाईनं त्यांना पाणी पाजू दिलं नव्हतं. आमच्या बाजूला बांध उंच. मेंढराला तोंड लावता येईल असं उथळ पाणी फक्त पलीकडच्या काठावर. तहानलेलं मेंढरू इकडंतिकडं तोंड घालत नाही, सगळ्यात सोप्या चढानं पाण्याकडं जातं. "हाकायचं न्हाय. नुसतं मागनं चालायचं," तिनं बजावलं. मेंढरं टेकाडाला तिरपी भिडली, काळ्या मातीची दलदल टाळून कडेकडेनं गेली आणि पाणी पिऊन दुसऱ्या अंगानं निवांत परत आली. कळप जिथं जिथं वळला तिथं फुलाबाईनं एकेक दगड ठेवला. सत्तावीस दगड झाले आणि तळ्याला पूर्ण फेरा पडला.

आता माझा पराक्रम. दगड झाडीत दिसेनात म्हणून मी घरून ऑइलपेंटचा डबा आणला. केशरी. करड्या-हिरव्यात केशरी उठून दिसतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो.

"मास्तर, ह्यो रंग?" फुलाबाई डब्यात डोकावत म्हणाली.

"फुलाबाई, रंगाचं मला कळतं," मी म्हणालो आणि सत्तावीसच्या सत्तावीस दगडांना झाडून फासला.

तिसऱ्या दिवशी पहिला नारळ फुटला. फोडला आमच्या फिरायच्या मंडळातल्या भीमाशंकरनं. त्याचं किराणा दुकान आहे, नारळ घरचाच. मंगळवारपर्यंत जास्वंदीच्या माळा आल्या, उदबत्त्या आल्या. शेंदरी दगड दिसल्यावर आमचा माणूस दुसरं काय करणार? लोक पहिल्या दगडापाशी चपला काढायचे. पुढं बाभळीचे काटे. अनवाणी माणूस कसाबसा तिसऱ्या दगडापर्यंत जायचा, सावलीतल्या त्या दगडाला पाच प्रदक्षिणा घालून घरी परतायचा. तळ्याची फेरी कुणीच मारीना.

साहेब संतापले. "उद्यानात देवस्थान उभारलंत? गुरुवारी पाहणीला येतोय. दगड हललेले नसले किंवा लोक पूर्ण फेरी मारताना दिसले नाहीत, तर त्याच दिवशी कुलूप."

मी दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी टर्पेंटाइन आणि फडकं घेऊन गेलो आणि रंगेहाथ सापडलो.

"गुरुजी! देवाला टर्पेंटाइन?" भीमाशंकर ओरडला. त्याच्या मागं वीसेक माणसं. मी मार खाणार हे नक्की झालं होतं, तेवढ्यात रोपवाटिकेकडून फुलाबाईचा आवाज आला आणि पाठोपाठ ती आली.

"त्यांच्यावर कशाला वरडताय? ह्यो दगड म्या ठिवलाय. ह्या हातानं. वाट कळावी म्हनून. रंग मास्तरांनी दिलाय. काय कोप व्हायचा तो आमा दोगांवर हू द्या."

माणसं दोन पावलं मागं सरली. भीमाशंकर मात्र हटेना. "पण बाई, आता पूजा झालीय, नवस बोललेत. आता तो नुसता दगड कसा?"

फुलाबाईला त्याचं पटलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "व्हय, ते बी खरं हाय. मग पूजा झाली तशी बोळवन बी व्हायला पायजे की. गनपती आपन वर्सभर ठिवून घेतो का? गुरवारी समद्यांनी या. बायका-पोरं घिऊन या. समदे दगड उचलायचे आनि पल्याडच्या काटाला न्यायचे. ढोल मी आनते. आनि चपला घालून या, काटं लई हायती. देवाला चालतंय."

गुरुवारी दोनशेच्या वर माणूस जमलं. बिरप्पानं गळ्यात ढोल अडकवला. पुढं फुलाबाई, हिरवं लुगडं नेसून, कपाळाला भंडारा लावून. एकेका दगडापाशी मिरवणूक थांबे, कुणीतरी दगड खांद्यावर घेई आणि पुढं चाले. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या बोलत बोलत टेकाड चढून गेल्या, चढ लागला हे त्यांना कळलंही नाही. माझे गुडघेसुद्धा कुरकुरले नाहीत. झाडी संपून एकदम तळं समोर आलं, शेकडो बदकं ढोलाच्या आवाजानं उडाली आणि जिथं कधी कुणी येत नव्हतं तिथं आम्ही दोनशे जण आ वासून उभे राहिलो.

दगड पाण्यात टाकले नाहीत. ऑइलपेंटनं पाणी नासतं, एवढं एव्हाना मलाही कळलं होतं. काठावर खड्डा खणून ठेवला होता आणि परतीच्या बाजूचे दगड बिरप्पानं पहाटेच तिथं आणून ठेवले होते. दगड आत ठेवले, तळ्याचं पाणी शिंपडलं, माती लोटली. भीमाशंकरनं शेवटचा नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं.

तेवढ्यात साहेब पोचले. फाटकाशी कुणी दिसेना म्हणून ढोलाच्या आवाजावर निघालेले. सोबत ठेकेदाराचा माणूस. साहेबांच्या बुटाला चिखल नव्हता, कपाळावर घाम नव्हता. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. "पण खुणा काढून टाकल्यात, आता लोकांना वाट कशी कळणार?"

फुलाबाईनं नुसतं मागं बोट केलं. शेकडो पावलांखाली गवत निजलं होतं आणि टेकाडाच्या अंगावरून तांबूस वाट तिरपी उतरताना लांबूनही दिसत होती. त्या वाटेला रंगाची काही गरज उरली नव्हती.

साहेबांनी वही काढली. "कुलूप लागणार नाही. वाट कुणी काढली म्हणून लिहू?"

ठेकेदाराच्या माणसानं घसा खाकरला. मी तोंड उघडलं. फुलाबाईनं दोघांनाही बोलू दिलं नाही.

"फुलाबाई गावडे," ती म्हणाली. तो तिचा तळ्यापलीकडं पोचणारा आवाज. "पुरतं नाव लिवा, साहेब."

साहेबांनी लिहिलं. माझे डोळे भरून आले, लपवत नाही. बायकांनी टाळ्या पिटल्या, बिरप्पानं ढोलावर थाप मारली.

"चला आता," फुलाबाई पदर खोचत म्हणाली, "निम्मा फेरा ऱ्हायलाय." आणि ती पुढं निघाली, तिच्या मागं साहेब, त्यांच्या मागं आम्ही सगळे.